तक्रारीतला ‘भरधाव’ खोडला तेव्हा : अक्कलकोट रस्त्यावरचं एक प्रकरण

माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून या लिखाणात नावं, तारखा, बसचा क्रमांक आणि थांब्याचं नाव दिलेलं नाही. बस कोणाची होती तेही सांगत नाही. या रस्त्यावर शहरातल्या, लांब पल्ल्याच्या, शेजारच्या राज्यातल्या आणि कारखान्यांच्या अशा सगळ्याच बसगाड्या धावतात. यातली कोणतीही असती तरी गोष्ट फारशी वेगळी झाली नसती.

पार्श्वभूमी

सोलापुरात शांती चौक मागे टाकून अक्कलकोट रस्त्याला लागलं की सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान दोन तऱ्हेचे सायकलवाले दिसतात. एक आम्ही. डोक्यावर हेल्मेट, पाण्याची बाटली, मागे लुकलुकणारा लाल दिवा. आठवड्यातून तीनदा पार्क चौकातून निघायचं, कुंभारीच्या पुढे जाऊन परत यायचं. एखाद्या रविवारी हुक्की आली तर अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घेऊन ऐंशीएक किलोमीटर पुरे करायचे. दुसरे एमआयडीसीतले यंत्रमाग कामगार. रात्रपाळी सुटलेले घराकडे निघालेले, दिवसपाळीचे मागाकडे. कॅरिअरला डबा, चेनगार्ड सुतळीनं बांधलेलं, दिवा वगैरे काही नाही. आम्ही हौसेनं सायकल मारतो, ते पेट्रोल परवडत नाही म्हणून.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा दीड महिना आम्ही त्या दुसऱ्या गटाकडे पाहिलंच नाही.

माझ्याबद्दल एवढंच की मी तीस वर्षं एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली. लोकांचे अर्ज कसे येतात, कुठे अडकतात आणि कोणत्या वाक्यावर साहेब ‘निकाली’ असा शेरा मारून मोकळे होतात, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं पाहिलेलं आहे. तरीही या प्रकरणातल्या पहिल्या दोन तक्रारी माझ्या डोळ्यांदेखत चुकल्या.

काय घडलं

थंडीचे दिवस होते, उसाचा हंगाम सुरू होता. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की बाकीच्या वाहनांना जी काही जागा उरते तेवढ्यातून सगळ्यांना जायचं असतं. आम्ही सात जण परत येत होतो. सर्वांत मागे आमचे सर, कॉलेजात गणित शिकवतात, निवृत्तीला आलेत. त्यांच्या थोडं पुढे आमच्यातले नसलेले एक कामगार मामा, रात्रपाळी करून पूर्व भागातल्या घराकडे चाललेले.

मागून बस आली. तिनं सरांना ओलांडायला सुरुवात केली आणि ओलांडून होण्याआधीच थांब्यासाठी डावीकडे वळली. बसचं तोंड पुढे गेलं, पण मागची चाकं अजून सरांच्या शेजारीच होती आणि ती हळूहळू जवळ यायला लागली. सरांनी सायकल डांबरावरून खाली घेतली. तिथे डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात चांगला चार बोटांचा फरक. पुढचं चाक घसरलं, सर उजव्या कोपरावर आपटले. पुढे मामाही साइडपट्टीवर उतरले, पण पाय टेकून सावरले.

बसचा धक्का कोणालाही लागला नाही. हा मुद्दा पुढे सारखा येणार आहे.

बस थांब्यावर दोन मिनिटं उभी होती. आमच्यातला एक तरुण, बँकेत नोकरीला आहे, त्यानं फोन काढून बसच्या मागच्या बाजूचा फोटो घेतला आणि कामावर उशीर होतोय म्हणून निघून गेला. बाकीचे सरांभोवती. कोणीतरी बसचा क्रमांक मोठ्यानं म्हटला, कोणीतरी तो लक्षात ठेवला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. खरचटलं होतं आणि मनगट सुजलं होतं.

पहिली तक्रार, आणि भलताच ड्रायव्हर

त्याच संध्याकाळी आमच्या गटातल्या एकानं बसचा क्रमांक टाकून मजकूर लिहिला. ‘भरधाव बसनं ज्येष्ठ प्राध्यापकाला उडवलं, ड्रायव्हरला निलंबित करा.’ रात्रीपर्यंत तो शहरभर फिरला. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर जवळजवळ जसाच्या तसा आगारात लेखी तक्रार म्हणून दिला. पोच घेतली, तेवढं बरं केलं.

बारा दिवसांनी उत्तर आलं. सदर क्रमांकाची बस त्या दिवशी कार्यशाळेत दुरुस्तीसाठी उभी होती, सबब तक्रारीत तथ्य नाही.

बँकेतल्या तरुणाकडचा फोटो तोवर कोणी मागितलाच नव्हता. तो मागितला तेव्हा कळलं की एक आकडा चुकला होता, आठचा तीन झाला होता. दरम्यान त्या तीनच्या बसवर नेहमी असणाऱ्या ड्रायव्हरचं नाव आगारातूनच कुणीतरी बाहेर सांगितलं होतं. त्याच्या मुलाला शाळेत पोरं चिडवायला लागली, हे आम्हाला खूप उशिरा कळलं. तो माणूस त्या दिवशी ड्यूटीवरही नव्हता.

मजकूर आम्ही लगेच काढून टाकला. पण पुढे पाठवलेला मजकूर परत बोलावता येत नाही. आगारातल्या कर्मचाऱ्यांच्या नजरेत ‘सायकलवाले’ म्हणजे खोटं बोलणारे असं जे बसलं ते पुढे बैठकीपर्यंत उतरलं नाही. आणि त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

पर्याय कोणते होते

चूक कळल्यावर आम्ही सरांच्या घरी बसलो. चहा झाला, शेंगाचटणी-भाकरी झाली, आणि मग वाद झाला.

डॉक्टर मॅडम (त्या दातांच्या डॉक्टर, आमच्यातल्या सर्वांत जोरात सायकल मारणाऱ्या) म्हणाल्या, सरळ पोलिसांत जा. कायद्याच्या बाजूनं त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २८१ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर जिवाला धोका होईल असं बेदरकार वाहन चालवणं हाच गुन्हा आहे, धक्का लागायला हवा अशी अट नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८४ मध्ये धोकादायक चालवण्यासाठी पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याविरुद्ध ओव्हरटेक करणंही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

पण ठाण्यात आमचा अनुभव असा की अर्ज घेतला, पोच दिली, आणि अंमलदारानं शांतपणे विचारलं, “बस लागली का?” नाही. “मग तुम्ही पडलात कशानं?” साइडपट्टीनं. त्यांनी पेन खाली ठेवलं. घटनेला पंधरा दिवस उलटले होते, क्रमांक एकदा बदलला होता, साक्षीदार आम्हीच. समोरच्या हार्डवेअर दुकानाच्या कॅमेऱ्यात काही मिळेल म्हणून गेलो, तर जुनं चित्रण केव्हाच पुसलं गेलं होतं.

दुसरा पर्याय परिवहन कार्यालयाचा. लायसन रद्द किंवा निलंबित करण्याचे अधिकार कायद्यानं त्यांना आहेत. पण तिथेही पुरावा हाच लागणार. तिसरा ‘आपले सरकार’ पोर्टलचा, जो फिरून त्याच आगारात येऊन पडतो. माझा अनुभव सांगतो की वरून आलेल्या तक्रारीला उत्तर लवकर मिळतं, पण ते उत्तर तक्रारदाराला नसतं, वरच्याला असतं. चौथा म्हणजे सोडून देणं. सरांच्या मुलाचं मत तेच होतं.

निर्णय असा झाला की पोलिसांतला अर्ज राहू द्यायचा, पण जोर आगारावर द्यायचा. डॉक्टर मॅडमना हे पटलं नाही आणि अजूनही पटलेलं नाही. त्यांचा सवाल साधा आहे: पायी चालणाऱ्याला कारनं असं ढकललं असतं तर तुम्ही कारच्या कंपनीला पत्र लिहीत बसला असता का?

दुसरी तक्रार : बरोबर क्रमांक, चुकीचा शब्द

क्रमांक दुरुस्त करून, फोटो जोडून, आधीच्या चुकीबद्दल दिलगिरी लिहून दुसरी तक्रार दिली. मजकूर मात्र तोच ठेवला. ‘भरधाव वेगाने.’

मराठीत बस आणि अपघात एकत्र आले की ‘भरधाव’ आपोआप कागदावर उतरतो. वर्तमानपत्रं वाचून वाचून हाताला तशी सवय झालेली असते. मी तो शब्द वाचला आणि पुढे गेलो.

महिन्याभरात उत्तर आलं, आणि या वेळी ते खरं होतं. नव्या बसगाड्यांत गाडी कुठे आहे आणि किती वेगात आहे हे नोंदवणारं यंत्र असतं. त्या नोंदीप्रमाणे थांब्याआधीच्या पट्ट्यात बसचा वेग ताशी ३१ किलोमीटरवरून उतरत गेला होता. सबब ‘भरधाव’ हा आरोप निराधार, तक्रार निकाली.

दोनदा तोंडावर पडलो. गटातले तिघे म्हणाले आता पुरे. खरं सांगायचं तर माझंही मन उडालं होतं.

तेव्हा सरांनी ते उत्तर हातात घेतलं आणि उलट्या बाजूला आकडेमोड करायला बसले. बस साधारण १२ मीटर लांब. सायकल ताशी १५ किलोमीटरनं चाललेली. थांब्यासाठी ब्रेक मारत बसचा सरासरी वेग २० वर आला असं धरलं तर दोघांमधला फरक फक्त ५ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम १.४ मीटर. अख्खी बस सायकलच्या पुढे जायला साडेआठ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात बस ४८ मीटर रस्ता कापते. ओलांडायला सुरुवात झाली तेव्हा थांबा होता फार तर तीस मीटरवर.

“बस हळू होती हे त्यांनीच लिहून दिलंय,” सर म्हणाले. “जोरात असती तर पुढे निघून गेली असती. हळू होती म्हणूनच मी तिच्या पोटाशी राहिलो.”

आम्ही दीड महिना ज्या शब्दावर भांडत होतो तो आमच्याच विरुद्ध होता. धोका वेगाचा नव्हताच. थांबा जवळ आलेला असताना सायकलच्या मागे पाच-सात सेकंद कळ काढायची, की ओलांडून मग आत घुसायचं, या निवडीचा होता.

टपरीवरची दिनदर्शिका

तिसरी तक्रार लिहिण्याआधी मी एक काम केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर पाळी सुटायच्या वेळी जाऊन बसलो. त्या दिवशीचे मामा तिथे रोज चहा घेतात. साठीच्या आसपासचे, घरी तेलुगू बोलणारे, चाळीस वर्षं मागावर.

मी विचारलं, त्या दिवशी तुम्हालाही दाबलं ना?

“त्या दिवशी? रोजच दाबलालेत की ओ,” मामा म्हणाले. “तुमचं सर पडलं म्हणून तुमाला कळलं.”

मग इतर बोलायला लागले. कोणाचं हँडल बसच्या पत्र्याला घासलेलं, कोणाचा डबा सांडलेला. तक्रार का केली नाही हे मी विचारलं आणि लगेच पस्तावलो. अर्ज द्यायला आगारात जायचं म्हणजे अर्धी पाळी बुडवायची. मजुरी दिवसाच्या कामावर.

ज्या गावातून दात्यांचं पंचांग निघतं त्या गावात टपरीवर भिंतीला दिनदर्शिका नसेल असं होत नाही. टपरीवाल्या मावशींना विचारून आम्ही ठरवलं की थांब्यावर बसनं सायकलवाल्याला कडेला उतरवलं की त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं एक उभी रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. बसचा क्रमांक नको. कोण होतं तेही नको. तीन आठवडे.

मी स्वतः पाच सकाळी तिथे बसून पाहिलं. तेव्हा दुसरी गोष्ट दिसली, जी सायकलवर असताना कधी लक्षात येत नाही. थांब्याची जी जागा, तिथे शेअर रिक्षा ओळीनं उभ्या. बसला कडेला लागताच येत नाही. मग ती तिरकी उभी राहते, तोंड डावीकडे, शेपूट रस्त्यावर. मागून येणारा सायकलवाला डावीकडून गेला तर उतरणाऱ्या प्रवाशांत घुसतो, उजवीकडून गेला तर उसाच्या ट्रॉलीसमोर. रेघा वेगवेगळ्या बसगाड्यांच्या, वेगवेगळ्या ड्रायव्हरांच्या होत्या. जागा आणि वेळ मात्र तीच.

यावरून ‘बिचारे ड्रायव्हर काय करणार’ असं म्हणायचा मोह होतो. मला तसं म्हणायचं नाही. याच थांब्यावर याच वेळी मी दोन ड्रायव्हर असेही पाहिले, जे सायकलच्या मागे हळू होऊन, तिला पुढे जाऊ देऊन मग थांबले. रिक्षा त्यांच्याही वाटेत होत्या.

तिसरी तक्रार

ही मी लिहिली, एका पानात. ‘भरधाव’, ‘बेदरकार’, ‘मुजोर’ हे तिन्ही शब्द खोडले. घटना चार वाक्यांत. सरांचं गणित आणि त्याखाली आगाराच्याच पत्राचा जावक क्रमांक व दिनांक, म्हणजे वेगाचा आकडा आमचा नाही, तुमचाच आहे. थांब्याचं हातानं काढलेलं रेखाचित्र. दिनदर्शिकेच्या पानाची झेरॉक्स. आणि शेवटी मागण्या, सगळ्या आगाराच्या हातातल्या: थांबा दिसू लागल्यावर सायकलला ओलांडायचं नाही, मागे राहायचं, अशी लेखी सूचना या मार्गावरच्या सर्व ड्रायव्हरांना द्यावी. रिक्षांबद्दल वाहतूक शाखेला आणि साइडपट्टीबद्दल रस्त्याच्या विभागाला आगारानं स्वतःच्या नावानं पत्र द्यावं. ड्रायव्हर व तक्रारदार यांची एकत्र बैठक घ्यावी.

शिक्षेची मागणी नव्हती. यावरून पुन्हा खडाजंगी झाली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “म्हणजे पडले सर, आणि गुन्हेगार रिक्षावाला?” सरांनीच शेवटी सांगितलं की पडलो मी, तेव्हा मागणी माझी. मी त्या वाक्याच्या आड लपलो, हे कबूल करतो.

एक अडचण कायद्याचीही होती. जर्मनीत शहरात सायकल ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असं नियमात आकड्यानं लिहिलेलं आहे, शहराबाहेर दोन मीटर. फ्रान्समध्ये तेच एक आणि दीड मीटर. आपल्याकडे असा मोजता येणारा आकडा ड्रायव्हरला शिकवला जात नाही. ‘सुरक्षित अंतर’ म्हटलं की प्रत्येकाचं अंतर वेगळं. म्हणून आम्ही मीटरचा आग्रह धरलाच नाही. थांबा दिसला की मागे राहा, ही सूचना कोणालाही टेप न लावता पाळता येते.

बैठक

आगारातले साहेब समंजस निघाले. बैठकीला त्या दिवशीचा ड्रायव्हर होता, संघटनेचा एक माणूस होता आणि ज्याचं नाव नाहक फिरलं तो ड्रायव्हरही आला होता. मी आधी त्याची माफी मागितली. त्यानं मान हलवली, बोलला काही नाही. बैठकभर बोलला नाही.

त्या दिवशीच्या ड्रायव्हरचं म्हणणं एकच: “साहेब, डाव्या आरशात हे दिसलेच नाहीत.”

संघटनेच्या माणसानं सुचवलं म्हणून आम्ही सगळे अंगणात गेलो. सर ड्रायव्हरच्या सीटवर बसले, मामा सायकल घेऊन मागच्या चाकाच्या थोडं पुढे, बसला चिकटून उभे राहिले. सरांनी आरशात पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. मामांचं टोपीचं टोक तेवढं दिसत होतं, तेही ते हलले तेव्हा. ड्रायव्हर खोटं बोलत नव्हता. बैठक इथेच संपणार असं वाटलं, साहेबांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भावही आला.

तेवढ्यात मामा म्हणाले, “पण मला मागं टाकायच्या आधी मी पुढंच होतो की ओ. काचंतनं दिसलो की नाही? पुढं होतो तवा दिसलो, मागं गेलो की इसरलाव.”

कोणीच काही बोललं नाही. आरसा न दिसणारा कोपरा दाखवत होता. पण जो माणूस तीन सेकंदांपूर्वी समोरच्या काचेत होता तो आता त्या कोपऱ्यातच असणार, हे कळायला आरसा लागत नाही. ड्रायव्हरनं वाद घातला नाही. टाइम गाठायचा असतो, मागचे प्रवासी दारावर थापा मारतात, रिक्षावाले हलत नाहीत, असं तो सांगत राहिला, आणि तेही सगळं खरं होतं. जाताना त्यानं सरांना मनगट कसंय ते विचारलं.

काय निष्पन्न झालं

आगाराच्या सूचना फलकावर आम्ही मागितलेली सूचना लागली, शब्द थोडे सरकारी करून. ड्रायव्हरला ‘समज देण्यात आली’ असं आम्हाला कळवलं. रिक्षांचा थांबा वाहतूक शाखेनं चाळीसेक पावलं पुढे हलवला. तो दोन-अडीच महिने टिकला, मग एकेक रिक्षा मागे सरकत मूळ जागी आली. साइडपट्टीवर मे महिन्यात मुरूम पडला. सोलापुरात पाऊस खरा पडतो तो सप्टेंबरात. त्या पावसात निम्मा मुरूम वाहून गेला आणि चार बोटांचा फरक दोन बोटांवर येऊन थांबला.

‘समज’ म्हणजे नक्की काय हे जाणून घ्यायला मी माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा स्टँप, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, ही महाराष्ट्रातली अट पाळून. उत्तर नकारार्थी आलं: कर्मचाऱ्यावरची शिस्तभंगाची कारवाई ही वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ). सर्वोच्च न्यायालयानं गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ मध्ये हेच मानलं आहे, त्यामुळे अपिलात जाण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या अर्जात मी माणसाबद्दल विचारलंच नाही. मागच्या वर्षात सायकलस्वारांकडून किती तक्रारी आल्या, एवढंच विचारलं. उत्तर आलं, ‘निरंक’. तक्रारी आल्या नाहीत असा त्याचा अर्थ नव्हता. सायकलस्वार हा रकानाच त्यांच्या नोंदवहीत नव्हता. आमच्या तीन तक्रारी ‘इतर’मध्ये होत्या.

थांब्यावर फरक पडला का? माझ्या डोळ्यांना पडलेला दिसतो. त्या बससेवेचे ड्रायव्हर बऱ्याचदा मागे राहतात. बाकीच्या बसगाड्या पूर्वीसारख्याच घुसतात, कारण सूचना एकाच फलकावर लागली.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दोन तासांत जे केलं नाही ते नंतर दोन महिन्यांत भरून काढता आलं नाही. बसचा क्रमांक दोघांनी वेगवेगळा लिहून मग ताडून पाहायला हवा होता. फोटो हातात असताना आठवणीवर तक्रार लिहिणं हा शुद्ध आळस. दुकानाच्या कॅमेऱ्यासाठी त्याच दिवशी जायला हवं होतं. जखम किरकोळ असली तरी ११२ ला फोन करून किंवा ठाण्यात अर्ज देऊन त्याच तारखेची नोंद करायची आणि डॉक्टरांचा कागद घ्यायचा. गुन्हा नोंदवायचा की नाही हे नंतर ठरवता येतं, तारीख मात्र मागे नेता येत नाही. बैठकीत आमच्याकडे ती नोंद असती तर संघटनेच्या माणसाचा सूर पहिल्यापासून वेगळा राहिला असता.

क्रमांकासह मजकूर फिरवणं मी कुठल्याही परिस्थितीत करणार नाही, क्रमांक शंभर टक्के बरोबर असला तरी. आमच्या चुकीची किंमत एका शाळकरी पोरानं मोजली.

शिक्षेची मागणी सोडली ते योग्य होतं का, याचं उत्तर माझ्याकडे दोन तऱ्हेचं आहे. शिक्षा मागितली असती तर साहेबांनी ड्रायव्हरला वाचवण्यात शक्ती घातली असती आणि सूचना, रिक्षा, साइडपट्टी काहीच हललं नसतं. आगारांची रीत मला ठाऊक आहे. पण त्या ड्रायव्हरबद्दल आधी अशा पाच तक्रारी आल्या असतील, तर ते आम्हाला कधीच कळणार नाही, आणि आमच्या नरम तक्रारीनं ती सहावीही ‘इतर’मध्ये पुरली. डॉक्टर मॅडम हे दर दोन महिन्यांनी मला ऐकवतात. आता त्यांचा आग्रह मान्य करून आमच्या गटानं असं ठरवलंय की आगाराची तक्रार आणि ठाण्यातला अर्ज, दोन्ही त्याच दिवशी द्यायचे आणि एकात दुसऱ्याचा उल्लेख करायचा.

आणि टपरीवर आधी जायचं. आमच्यासारख्या हेल्मेटवाल्यांच्या एका पडण्याला आगारानं तीन वेळा उत्तर दिलं, मामांच्या रोजच्या दाबलं जाण्याला कोणी विचारलंही नव्हतं. तिसऱ्या तक्रारीत वजन होतं ते त्या पेन्सिलीच्या रेघांचं. खाली सह्या मात्र आम्हा सातांच्याच होत्या. मामांची सही घ्यायचं मला सुचलं नाही, हे बैठक संपल्यावर त्यांनीच हसत लक्षात आणून दिलं.

सध्या

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत टपरी चार दिवस बंद होती. उघडली तेव्हा भिंतीवर नवी दिनदर्शिका होती. जुनी ठेवा, कामाला येईल, असं सांगायला मी गेलो. मावशींनी पानं सोडवून भजी बांधायला घेतली होती, पण अजून अर्धा गठ्ठा शिल्लक होता. तीन आठवड्यांनी थांबा असं मी स्वतः सांगितलं होतं. मार्चच्या पानावर रेघा होत्या. जूनच्या होत्या. ऑक्टोबरच्या पानावर रेघांशेजारी वेगळ्या अक्षरात वेळ लिहिलेली होती, आणि एका चौकोनात तेलुगूत काहीतरी. मामांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.

“त्या दिवशी थांबला म्हणून लिवलंय,” ते म्हणाले. “बसवाला.”